वाचक विचारतात: बेघरांसाठीच्या कामात पुढे कोण?

प्रश्न : आमचं मंडळ दर थंडीत सरवटे बस स्टँड आणि एम.वाय. हॉस्पिटलच्या परिसरात ब्लँकेटं वाटतं. यंदा हे काम रस्त्यावर राहिलेल्या माणसांच्याच हाती द्यायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ब्लँकेटं विकत घेण्याच्या आधीपासून. खरेदी उरकल्यावर त्यांना बोलावलंत, तर त्यांच्याकडे फक्त हमाली उरते. पैसा किती आहे ते सांगा आणि तो कशावर खर्चायचा हे त्यांना ठरवू द्या. ब्लँकेट दिवसा ठेवायचं कुठे, हा प्रश्न ते पहिल्याच बैठकीत काढतील. पथारी उघड्यावर राहिली तर चोरीला जाते किंवा सफाईच्या गाडीत जाते. कुलूप लागणाऱ्या चार कपाटांची गरज कदाचित शंभर ब्लँकेटांहून मोठी निघेल.

सात जणांचा गट करा. त्यात किमान चार जण रस्त्यावर राहिलेले हवेत, आणि त्यांत दोन बायका. एकच माणूस घेतला तर तो दबून मान डोलावतो. बैठक सकाळी ठेवू नका. ती मजूर चौकात उभं राहायची वेळ असते आणि चुकली तर दिवसाची मजुरी बुडते. मानधन त्याच दिवशी, रोख द्या. बँकेत टाकू म्हटलं की ज्याचं खातं नाही तो आपोआप गळतो.

फेरी रात्री अकरानंतर काढा. दुकानं बंद झाली की लोक ओट्यांवर पथाऱ्या टाकतात. दोघादोघांच्या जोड्या करा: त्या भागात राहिलेला पुढे, मंडळाचा माणूस चार पावलं मागे. गाडी लांब उभी करा. जानेवारी 2021 मध्ये इथल्या बेघर वृद्धांना महापालिकेच्या गाडीत भरून क्षिप्रा गावाजवळ उतरवलं होतं. गावकऱ्यांनी हरकत घेतली म्हणून त्यांना परत आणावं लागलं. 1 जानेवारी 2025 पासून तर भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचा आदेश निघाला. म्हणून गाडी आणि वही दिसली की लोक उठून पळतात. नाव-गाव विचारू नका, फोटो तर मुळीच काढू नका. कुणी आजारी आहे का आणि कोणता कागद अडलाय, एवढं कळलं तरी खूप झालं.

वर्धापनदिनाला त्यांना व्यासपीठावर बोलावून 'अनुभव सांगा' म्हणणं टाळावं. हिशेबाच्या बैठकीला मात्र आग्रहानं बोलवा.

प्रश्न : रैनबसेऱ्यात (बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात) जागा असूनही लोक बाहेर का झोपतात?
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत दोन वाजता भांडी घासून निघणाऱ्याला दार बंद मिळालं, तर तो दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकत नाही. लग्नात वाढप करणाऱ्यांचंही तेच. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, हातगाडी लावायला जागा नसते. एक लाख वस्तीमागे एक निवारा आणि तो बाराही महिने, चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय. दाराची वेळ आणि किल्ली राहणाऱ्यांच्या समितीकडे आली, तर ही अडचण सुटायला पैसाही लागत नाही.

प्रश्न : पत्ता नसलेल्याला आधार आणि मतदार ओळखपत्र मिळतं का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मिळतं. आधारसाठी ठराविक नमुन्यात नगरसेवकाचा किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचा दाखला चालतो. त्यावर फोटो आणि फोटोवर सही-शिक्का हवा. दाखला तीनच महिने चालतो, म्हणून केंद्रावरची वेळ आधी घ्या. सर्वांत जास्त घोळ जुनं आधार हरवलेल्यांचा होतो. त्यांची नवी नोंदणी केली तर ती बाद होते, कारण ठसे आणि बुबुळं आधीच नोंदलेली असतात. जुना नंबरच शोधावा लागतो. विटा-सिमेंटचं काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, तेव्हा बुबुळांवरून तपासायला सांगा. या सगळ्यातून एकदा गेलेला माणूस सोबत असला, तर खिडकीवरून परत पाठवणं अवघड जातं.

मतदार नोंदणीला फॉर्म 6 मध्ये झोपायची जागा हाच पत्ता लिहायचा. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रावरचे नोंदणी अधिकारी, रात्री येऊन माणूस तिथे झोपतो का ते पाहतात, एकाहून जास्त रात्री. ते पटलं की राहण्याचा वेगळा पुरावा लागत नाही. मात्र त्या दिवसांत जागा बदललीत तर अर्ज अडकतो. तेव्हा अर्ज भरल्यावर ओट्यावरच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा, म्हणजे कामावरून उशीर झाला तरी बीएलओला कुणीतरी थांबवून ठेवील.