वाचकांचे प्रश्न : अंजिराच्या झाडाची काय चूक?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. रात्री झोपण्यापूर्वी आम्ही मार्कचं शुभवर्तमान क्रमाने वाचतो. अकराव्या अध्यायात फळ मिळालं नाही म्हणून येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो, आणि तो अंजिरांचा हंगाम नव्हता असंही तिथेच लिहिलंय. ‘मग झाडाची काय चूक?’ असं मुलगा रोज विचारतो. सासूबाई म्हणतात, देवाबद्दल असं विचारू नये. मला उत्तर येत नाही, चिडचिड होते आणि माझाच विश्वास डळमळतो. काय करावं?
– एक आई, अहिल्यानगर

उत्तर : ताई, मुलाने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. हंगाम नव्हता हे मार्कनेच लिहून ठेवलं (११:१३). मत्तयाच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायात, हीच गोष्ट आहे, पण ते वाक्य नाही आणि झाडही तिथल्या तिथे वाळतं. मार्कमध्ये ते वाळलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं. दोन्ही वृत्तांत एकत्र कालवले की घोळ वाढतो, म्हणून सध्या मार्कच धरा.

खरी अडचण अशी की ही गोष्ट आपण मधूनच तोडून वाचतो. ११:११ ते २५ हा भाग एका बैठकीत मोठ्याने वाचा, चार मिनिटंही लागत नाहीत. मुलाच्या हातात पेन्सिल द्या. झाड आलं की समासात ‘झा’, यरुशलेमचं मंदिर आलं की ‘मं’. मंदिर, झाड, मंदिर, झाड हा क्रम त्याचा त्यालाच सापडेल. मार्कने ही वीण मुद्दाम घातली आहे.

मग जुन्या करारातलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक काढा. मंदिरात पैसे बदलून देणाऱ्या सराफांचे चौरंग उलथताना येशू ‘लुटारूंची गुहा’ म्हणतो, ते शब्द यिर्मया ७:११ मधले. पुढच्याच अध्यायात (८:१३) देव आपल्या लोकांबद्दल म्हणतो की अंजिराला अंजीर नाही, पानही कोमेजलंय. यिर्मया लोकांसमोर मडकं फोडतो (अध्याय १९), मानेवर जू घेतो (अध्याय २७). संदेष्टे देवाचा निरोप असा कृतीतून करून दाखवत. अनेक अभ्यासक अंजिराची घटनाही याच रीतीने वाचतात : पानांनी भरलेलं झाड म्हणजे गजबजलेलं, पण फळ नसलेलं मंदिर.

काहीजण अंजिराचं शेतीशास्त्र पुढे करतात. ही घटना वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमाराची, तो मार्च-एप्रिलात येतो, तिथली पहिली अंजिरं जूनच्या सुमाराला पिकतात. पण पानं फुटली म्हणजे कोवळी फळं दिसायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. मुलाला हे जरूर सांगा, मात्र त्याचं तोंड बंद करायला वापरू नका. झाडाची बाजू घेणारं मन चांगलंच आहे. एवढं ऐकूनही तो ‘तरीपण’ म्हणेल. म्हणू द्या. ‘मलाही तिथे अडायला होतं’ असं सरळ सांगितलंत तर तुमचा मान कमी होत नाही.

दुसऱ्या बैठकीला लूकच्या शुभवर्तमानातला अंजिराच्या झाडाचा दाखला (१३:६-९) घ्या. मालक तीन वर्षं फळ शोधून कंटाळलाय, झाड तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पुढे फळ आलं का, हे लूक सांगत नाही. तुम्हीही सांगू नका, मुलाला ठरवू द्या. आणि असे अवघड उतारे रात्री नकोत, सगळेच पेंगुळलेले असतात. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर घ्या.

‘ऐकलं नाहीस तर तुझंही त्या झाडासारखं होईल’ हे मात्र घरात कुणीही म्हणू नये. मूल ते अंथरुणात आठवत राहतं, प्रश्न विचारणं थांबतं आणि मोठ्यांना वाटतं समजलं.

सासूबाईंना मार्क ९:३२ वाचून दाखवा : शिष्यांना कळलं नाही आणि विचारायची भीती वाटली. झाड वाळल्यावर पेत्र हा शिष्य मात्र बोलतो (११:२१), आणि येशू त्याला रागावत नाही. तुमच्या स्वतःसाठी ९:२४ आहे. आजारी मुलाला घेऊन आलेला बाप म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ त्याचा विश्वास पक्का होईपर्यंत येशूने मुलाला ताटकळत ठेवलं नाही.

प्रश्न : बारा वर्षांची मुलगी न सांगता मैत्रिणीकडे थांबली. रागावले तर म्हणाली, ‘येशूपण आईबाबांना न सांगता थांबला होता.’ काय उत्तर द्यावं?
– एक वाचक, वसई

उत्तर : तिच्यासोबत लूक २:४१-५२ पूर्ण वाचा. बारा वर्षांचा येशू सणानंतर यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला. आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले होते, तो तीन दिवसांनी सापडला. मरीया गप्प बसली नाही. तू आमच्याशी असा का वागलास, तुझा बाप आणि मी कष्टी होऊन तुझा शोध करत होतो, असं तिने मंदिरातच, गुरुजनांच्या देखत विचारलं. त्याचं उत्तर तिला आणि योसेफाला समजलं नाही, हेही लूक लिहितो (२:५०). पुढच्याच ओळीत तो नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला.

घरचा नियम मात्र तुमच्याच नावाने सांगा, त्याला वचनाचा आधार लागत नाही : दिवेलागणीपूर्वी घरी यायचं, थांबायचं असेल तर आधी फोन करायचा.