पहिला मोल्टन कोअर: चार दिवसांत प्रीस्टनं काय काय उरकावं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये तुझा अलायन्स बाजूचा प्रीस्ट ६० लेव्हलला पोचलाय, गिल्डनं (खेळाडूंच्या मंडळानं) शनिवारी मोल्टन कोअर या ४० जणांच्या रेडला, म्हणजे मोठ्या मोहिमेला, हीलर (बाकीच्यांना बरं करणारा) म्हणून बोलावलंय, अंगावर डंजनमधलं, म्हणजे छोट्या मोहिमांमधलं, निळं (बऱ्या दर्जाचं) गिअर आहे. हातात चार दिवस आहेत, तर कुठल्या बॉसच्या मागे लागून अजून काय मिळवावं, म्हणजे आपल्यामुळे ३९ जणांचा खोळंबा होणार नाही?

कुठल्याच बॉसच्या मागे लागू नकोस. स्ट्रॅथहोम, स्कोलोमान्स आणि अपर ब्लॅकरॉक स्पायरमधलं गिअर आहे म्हणतोस, ते पुरेसं आहे. लोक नेटवरची यादी उघडून बसतात आणि एका अंगठीसाठी तोच डंजन वीस वेळा करतात. त्या अंगठीनं तुझा हील थोडा वाढेल खरा, पण मोल्टन कोअरमध्ये नवीन हीलरमुळे वाइप (अख्खा रेड मरणं) होतो तो हील कमी पडला म्हणून क्वचितच. तो गडबडलेला असतो म्हणून होतो. आठ सेकंदांत काय करायचं हे त्याला त्या आठ सेकंदांतच ठरवायचं असतं, आणि तेवढ्यात ते ठरत नाही.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या रेडची गोष्ट सांगतो. बॅरन गेडन चालू होता. हा बॉस कुणाही एकावर लिव्हिंग बॉम्ब टाकतो, आठ सेकंदांनी तो फुटतो आणि आसपासचे सगळे भाजून वर उडतात. हे मला ठाऊक होतं, वाचलेलं होतं. बॉम्ब माझ्यावर आला तेव्हा मी टँकवर (बॉसचा मार अंगावर घेणाऱ्यावर) ग्रेटर हील टाकत होतो. म्हटलं, एवढा पूर्ण करू आणि मग पळू. अडीच सेकंद तिथे गेले. वळलो तर मागे भिंत. डावीकडे वॉरलॉक उभे, म्हणून उजवीकडे धावलो, तर तिकडे बाकीचे हीलर. बरोब्बर त्यांच्या मधोमध फुटलो. पाच जण हवेत गेले, त्यांतले चार हीलर. पुढच्या दहा सेकंदांत टँक आडवा आणि मग सगळेच. रेड लीडर ओरडला वगैरे काही नाही. त्यानं एवढंच विचारलं, "बॉम्ब आला तर कुठे जायचं ठरवलं होतंस?" मी काही ठरवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी तयारी म्हणजे हेच समजतो, आणि तुझे चार दिवस त्यातच जावेत असं मला वाटतं. गेडनच्या खोलीत शिरलास की हील सुरू करायच्या आधी मोकळा कोपरा शोध. रेड लीडरनं जागा सांगितली असेल तर तीच. बॉम्ब आला की हातातला कास्ट (टाकायला घेतलेला स्पेल) तोडायचा, मग टँकचं काहीही होवो. टँकवर आणखी दोन-तीन हीलर असतात. वाटेत स्वतःवर शील्ड टाक, कारण वर उडून खाली आपटल्याचाही मार बसतो. आणि हाच गेडन मॅना (स्पेल टाकायला लागणारी शक्ती) असलेल्यांवर इग्नाइट मॅना टाकतो, तो तुझ्या डिस्पेल मॅजिक या जादू उतरवणाऱ्या स्पेलनं निघतो. तो लगेच काढ. दर तीन सेकंदांना मॅना जळतो, दोन हीलरवर तसाच राहिला तर लढाई संपायच्या आधी ते रिकामे होतात.

पण तुझी खरी परीक्षा पहिल्याच बॉसला आहे. लुसिफ्रॉन सोपा म्हणतात, तो आपापलं काम वाटून घेतलेल्या रेडसाठी सोपा. तो दोन गोष्टी टाकतो. इम्पेंडिंग डूम हा जादूचा डीबफ (अंगावर बसणारा वाईट परिणाम), दहा सेकंदांत काढला नाही तर शॅडोचं २००० डॅमेज. दुसरा लुसिफ्रॉनचा शाप, त्यानं प्रत्येक स्पेलला दुप्पट मॅना लागतो. शाप मेज (जादूगार) आणि ड्रुइड हे क्लास काढतात, तुझ्याकडे त्याचं औषधच नाही, त्यामुळे तिकडे बघायचंसुद्धा नाही. डूम मात्र प्रीस्ट आणि पॅलडिन काढतात. आता कल्पना कर, ४० जणांचे आठ गट, स्क्रीनवर प्रत्येकाचा एक चौकोन, निम्म्या चौकोनांवर डूमची खूण पेटलेली, आणि सहा हीलर एकदमच डिस्पेल करायला निघालेत. सगळ्यांचं लक्ष पहिल्या चौकोनावर. सहाच्या सहा डिस्पेल एकाच मेजवर पडतात, एक कामाचा, पाच वाया, आणि सातव्या-आठव्या गटाकडे कुणी पोचतच नाही. म्हणून शनिवारच्या आधी हीलिंग लीडला विचारून ठेव: माझे गट कोणते? तो म्हणाला तीन आणि चार, तर तुझ्यासाठी रेडमध्ये दहाच माणसं आहेत. बाकीचे तीस मरत असले तरी आधी तुझे दहा साफ कर. निर्दयीपणा वाटतो, पण असं केलं तरच सगळे वाचतात.

हे डोळ्यांना जमावं म्हणून रेड फ्रेम्स, म्हणजे हे चौकोन, गटांप्रमाणे लाव. आठ रांगा, पाच-पाच चौकोन. नावांच्या किंवा क्लासच्या क्रमानं लावल्या असतील तर "तीन आणि चार" शोधण्यातच डूम फुटेल. हील आणि डिस्पेल माउसओव्हर मॅक्रोवर घे, म्हणजे चौकोनावर माउस नेला आणि की दाबली की झालं. आधी टार्गेट करा, मग कास्ट करा, या धंद्यात प्रत्येक वेळी पाऊण सेकंद जातो. नवीन की बसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून हे आजच कर आणि उद्या एखादा पाच जणांचा डंजन याच सेटिंगवर खेळ. चुकशील, चिडशील, पण शनिवारपर्यंत बोटं शहाणी होतील. अॅडऑनही शुक्रवारीच अपडेट करून एकदा गेममध्ये शिरून बघ. पुलच्या (बॉसला छेडून लढाई सुरू करण्याच्या) पाच मिनिटं आधी "माझे फ्रेम्स दिसत नाहीयेत" म्हणणारा एक जण दर रेडला असतो, तो आपण असायचं नाही.

आता सामान. सगळ्यांचं रक्त वाढवणारा प्रेयर ऑफ फॉर्टिट्यूड हा स्पेल तुझ्याकडे आहे का, हे तू लिहिलं नाहीस. तो ट्रेनरकडे शिकता येत नाही, त्याचं पुस्तक मिळवावं लागतं, नाहीतर लिलावघरातून विकत घ्यावं लागतं. चार दिवसांत पैसे कशावर खर्च करायचेच असतील तर अंगठीआधी यावर कर. साधा फॉर्टिट्यूड एकेकावर टाकावा लागतो आणि अर्धाच तास टिकतो. चाळीस जणांवर एकेक करत टाकलास तर मॅना प्यायला बसण्यातच निम्मी रेड संपेल. प्रेयर मात्र एका वेळी अख्ख्या गटावर बसतो आणि तासभर राहतो. त्याच्या दुसऱ्या रँकला (वरच्या पातळीला) दर वेळी एक सेक्रेड कँडल जळते. हिशेब कर: आठ गट म्हणजे आठ मेणबत्त्या. प्रत्येक वाइपनंतर पुन्हा आठ, दर तासाला पुन्हा आठ. दुसरे प्रीस्ट वाटून घेतील, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नकोस, कारण तेही तुझ्या भरवशावर आलेले असतात. प्रेयर ऑफ शॅडो प्रोटेक्शन असेल तर तोही याच मेणबत्त्या खातो, आणि लुसिफ्रॉनला तो हवाच, डूमचं डॅमेज शॅडोचं असतं. मी चाळीस घेऊन निघतो. उरल्या तर सडत नाहीत.

पोशनबद्दल एक युक्ती. मेजर मॅना पोशन १३५० ते २२५० मॅना देतो आणि पोशनचा कूलडाउन (पुन्हा पिता येईपर्यंतचा वेळ) दोन मिनिटांचा. ग्रेटर फायर प्रोटेक्शन पोशन आगीचं १९५० ते ३२५० डॅमेज शोषतो, आणि शोषून संपेपर्यंत तासभर अंगावर राहतो. दोघांचा कूलडाउन एकच. म्हणून फायर पोशन लढाईत पिऊ नकोस, पुलच्या दोन मिनिटं आधी पी. लढाई सुरू होईपर्यंत कूलडाउन संपलेला असतो आणि मॅना पोशनची वाट मोकळी असते. डार्क रून किंवा डिमॉनिक रून जमल्या तर घे, त्यांचा कूलडाउन पोशनपासून वेगळा आहे, फक्त त्या मॅना देताना तुझंच रक्त घेतात, तेव्हा अर्धमेला असताना वापरू नकोस. मॅना भरत ठेवणारे नाइटफिन सूप आणि मेजब्लड पोशन शेवटचा बॉस रॅग्नरॉससाठी राखलेस तरी चालेल. फ्लास्क या महागड्या पोशनवर पहिल्या रेडला सोनं उडवू नकोस, कुणी मागितलं तरी. फ्लास्क मेल्यावरही टिकतो ही त्याची खुबी, पण मोल्टन कोअरच्या हीलरला तो लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. यावर इथे वाद घालणारे येतील, येऊ देत.

डंजनमधल्या काही सवयी मात्र दाराबाहेर ठेवून ये. पहिली, टँकवर पॉवर वर्ड शील्ड. पाच जणांत तू ती सर्रास टाकत असशील. वॉरियर टँकला रेज (त्याच्या हल्ल्यांचं इंधन) मार देऊन आणि मार खाऊन मिळतो, शील्डनं मार खाल्ला तर तेवढा रेज बुडतो, रेज कमी तर थ्रेट (बॉसचा रोख आपल्यावर ठेवणारा आकडा) कमी, आणि थ्रेट कमी तर बॉस तुमच्या मेजकडे वळतो. टँक मरायला टेकलाय आणि दुसरा इलाजच नाही, तेव्हाच टाक. दुसरी, पुल झाल्या झाल्या हील मारणं. हीललाही थ्रेट असतो. टँकनं दोन तडाखे मारेपर्यंत दम धर, तोवर कुणी मरत नाही. अंगावर काही आलंच तर पळत सुटू नकोस. फेड (थ्रेट कमी करणारा स्पेल) दाब आणि टँकच्या दिशेनं जा. पळणाऱ्या प्रीस्टच्या मागे पळणारा टँक यापेक्षा केविलवाणं दृश्य रेडमध्ये दुसरं नाही.

तिसरी सवय मॅनाची. मॅना खर्च झाल्यावर पाच सेकंद स्पिरिट या गुणानं तो भरत नाही, टॅलेंटमुळे (निवडून घेतलेल्या कौशल्यांमुळे) थोडासा भरतो तेवढाच. प्रत्येक छोट्या जखमेवर फ्लॅश हील मारत राहिलास तर तो पाच सेकंदांचा घड्याळाचा काटा कायम शून्यावर. त्यापेक्षा खालच्या रँकचे हील बारवर काढ. छोट्या जखमेला छोटा रँक. आणि टँकवर असशील तर मोठा हील आधीच सुरू कर, कास्ट संपत आला की टँककडे बघ: रक्त कमी असेल तर होऊ दे, भरलेला असेल तर एक पाऊल पुढे टाकून तोड आणि पुन्हा सुरू कर. तोडलेल्या कास्टला मॅना लागत नाही. ही लय पहिल्या रेडला अर्धीच जमेल, पण एखाद्या डंजनमध्ये आजपासून करून बघ.

अट्यूनमेंट, म्हणजे मोल्टन कोअरमध्ये सरळ शिरता यावं म्हणून करायचा क्वेस्ट, झालंय का? नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि तेच कर. ब्लॅकरॉक डेप्थ्सच्या अगदी शेवटपर्यंत जाऊन मोल्टन कोअरच्या दाराजवळचा कोअर फ्रॅगमेंट उचलायचा आणि लोथोस रिफ्टवेकरला आणून द्यायचा. लांबचं आहे, चार जण सोबत लागतात, आणि शनिवारी संध्याकाळी तुझ्यासाठी कुणी यायचं नाही. एकदा झालं की ब्लॅकरॉक माउंटनमधूनच सरळ आत जाता येतं.

आणि हो, या आठवड्यात दुसऱ्या कुठल्या गटाबरोबर "नुसतं बघायला" मोल्टन कोअरमध्ये शिरू नकोस. तिथे एक बॉस मेला तरी तू त्या रेड आयडीला बांधला जातोस, आणि साप्ताहिक रीसेट होईपर्यंत आपल्या गिल्डबरोबर जाता येत नाही. असे उत्साही दरवर्षी भेटतात.

लुटीचं वाटप कसं ते एकदाच विचारून घे, डीकेपी (कमावलेले पॉइंट) आहे की काउन्सिल (काही जण ठरवतात) की सॉफ्ट रिझर्व्ह (हवी ती वस्तू आधी सांगून ठेवायची), आणि मग विसर. डीकेपी, म्हणजे ड्रॅगन किल पॉइंट्स, एव्हरक्वेस्टच्या जमान्यापासून चालत आलेत आणि भांडणंही तेव्हापासूनच. पहिल्या रेडला प्रीस्टच्या प्रॉफेसी सेटचं काही मिळालं तर नशीब समज. मेजरडोमो या बॉसच्या पेटीतून प्रीस्टसाठीचा आय ऑफ डिव्हिनिटी निघाला तर गप्प बस, तुझ्यापुढे रांग आहे.

वाइप होणारच. झाला की लगेच रिलीज करू (आत्मा सोडून कबरस्तानात जाऊ) नकोस. एखाद्या हीलरवर सोलस्टोन (मेल्यावर जागीच उठवणारा वॉरलॉकचा दगड) असतो, तो उठून बाकीच्यांना उठवतो. तुझ्यावरच असेल तर आसपासचे शत्रू परत आपल्या जागी जाईपर्यंत पडून राहा, घाईत उठलास की दगडही गेला आणि तूही. उठल्यावर आधी दुसऱ्या प्रीस्ट-पॅलडिनना उठव, मग मॅनावाल्यांना, वॉरियर शेवटी. ते कुरकुर करतील, करू देत. दर मरणाला गिअरची दहा टक्के झीज होते, तेव्हा येताना सगळं दुरुस्त करून ये.

टॅलेंट कुठे टाकलेत ते लिहिलं नाहीस. होली किती, डिसिप्लिन किती ते सांग, म्हणजे कुठल्या हीलचे कुठले रँक बारवर ठेवायचे ते नेमकं सांगता येईल. आणि बॅगेत मेणबत्त्या किती आहेत तेही मोजून सांग.