घरच्या शाळेतून म्हापशाच्या कॉलेजात

डिचोलीहून म्हापशाला, सेंट झेवियर्समध्ये यायचं ठरवलंस, फार बरं वाटलं गं. आधी कागदपत्रं. बारावी तू घरीच शिकून एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून केलीस, तर गुणपत्रिकेसोबत मिळणारा मायग्रेशन-कम-ट्रान्सफर दाखला जपून ठेव. शाळा सोडल्याचा दाखला मागितला तर तोच पुढे करायचा.

कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं, म्हणून प्रार्थनेची धास्ती घरच्यांना असेल. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची. मी प्रार्थनेच्या वेळी शांत उभी राहायचे आणि नाताळचा गोठा सजवायला मात्र हौसेने जायचे. जिवाच्या मैत्रिणी तिथेच मिळाल्या.

खरं जड जातं ते वेगळंच. घरी एखाद्या विषयात तू सकाळभर बुडून राहायचीस. इथे घंटा वाजते आणि विचार अर्धाच राहतो. सुरुवातीला याची फार चिडचिड होते. सुटलेला प्रश्न लगेच वहीच्या मागच्या पानावर लिही, आणि तास संपल्यावर लायब्ररीत जाऊन त्याचा पिच्छा पुरव. वर्ग गप्प बसला म्हणून तू प्रश्न विचारणं थांबवू नकोस. स्वतः शिकायची ही सवय तुझी मोठी शिदोरी आहे. माझ्या मते ती मार्कांहून मोलाची.

हजेरीचा नियम पहिल्याच आठवड्यात विचारून घे. आणि डबा एकटीने खाऊ नकोस. कुणी कोंकणीत हाक मारली तर कोंकणीतच ओ दे.