तिन्ही विषय एकदम उचलू नकोस

बाळा, परवा बर्डीवरून तू हिशेबशास्त्र, जैवनीतिशास्त्र आणि शस्त्रनियंत्रण, तिन्हींची जाड पुस्तकं एकदम आणलीस. उत्साह बघून बरं वाटलं, पण सुरुवात एकापासूनच कर.

पहिलं काम म्हणजे आवृत्तीचं साल बघणं. शस्त्रनियंत्रणात याला फार महत्त्व आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघातला 1987 चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार घे. त्याखाली 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट झाली, पण 2019 मध्ये तो करारच संपला. त्याआधीच्या पुस्तकात तो लागू असल्यासारखाच भेटेल. जैवनीतीत, म्हणजे वैद्यकातल्या योग्य-अयोग्याच्या विचारातही तसंच. इच्छामरणाबद्दलच्या अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल 2011 चा, आणि पुढे आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता मिळाली 2018 मध्ये. मधल्या काळातलं पुस्तक तुला अर्धीच गोष्ट सांगेल.

तू बीकॉमचा, म्हणून एक धागा देतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अणुपदार्थांची चक्क खातेवहीच तपासते. सुरुवातीची शिल्लक, आवक, जावक आणि शेवटी प्रत्यक्ष मोजणी. प्लुटोनियमसाठी 8 किलो हे परिमाण धरलेलं आहे, म्हणजे साधारण तेवढ्यात एक बॉम्ब होण्याची शक्यता नाकारता येत नाही. ताळा जुळला नाही की प्रश्न सुरू होतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. तुझी जमाखर्चाची समज इथे थेट कामी येईल, म्हणून शस्त्रनियंत्रणापासूनच लाग.

प्रस्तावना आणि विषयसूची आधी वाच, मग तळटीपा. दुपारी उन्हात फिरू नकोस, ग्रंथालयात बस. अडलं की संध्याकाळी घरी ये.