‘नोंद आढळत नाही’ म्हणाले? आधी ‘एक्स’ अक्षराचं पान उघडायला लावा

तुमची पोस्ट वाचली आणि माझीच दहा वर्षांपूर्वीची फाईल कुणीतरी टेबलावर आणून आपटल्यासारखं झालं. तुम्ही लिहिलंय, गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदावर (सातबाऱ्यासारखाच आपल्याकडचा उतारा) आजोबांचं नाव, त्यांचा मुलगा म्हणून वडिलांचा जन्मदाखला मात्र मिळत नाही. पंचायत म्हणते तालुक्याला जा, तालुका ‘नोंद आढळत नाही’ असं लिहून मोकळा होतो. आणि आता कुणीतरी सुचवलंय, की जन्माची नोंद झालीच नव्हती असं अफिडेव्हिट करा, काम होईल.

ते अफिडेव्हिट करू नका. निदान माझं रडगाणं वाचून होईपर्यंत तरी नको.

एक-चौदा कुठे मिळतो वगैरे सांगत नाही, तुम्ही तो काढलेलाच आहे. पंचायतीच्याही फेऱ्या थांबवा. तुमच्या वडिलांचा जन्म १९४० च्या आसपासचा, तेव्हा आजच्या पंचायती होत्याच कुठे? तो जन्म तालुक्याच्या पोर्तुगीज नोंदवहीत असणार. सेक्रेटरीवर चिडून उपयोग नाही, त्या बिचाऱ्याकडे वहीच नाही.

आता माझी चूक. आम्ही पेडणे तालुक्यातले. वडिलांचं नाव शंकर. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, माझी अजून तिथे कामं पडतात) अर्ज दिला. कारकुनाने अनुक्रमणिकेची वही काढली, ‘एस’ची दोन-तीन पानं उलटली, वही मिटली. चहाचा कप खाली ठेवण्याएवढाही वेळ लागला नाही. आठवड्याने शिक्का मारलेला कागद हातात, ‘नोंद आढळत नाही’. मी तो कागद ब्रह्मवाक्य मानला. सरकारी शिक्का होता ना!

मग एका ओळखीच्याच्या सल्ल्याने अफिडेव्हिट केलं. माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद कुठेही झालेली नाही, आणि त्यांचा जन्म १९३६ चा. १९३६ कुठून आलं? शाळेच्या दाखल्यावरून. त्या काळात शाळेत घालताना मास्तर विचारत, वय किती, आणि आजी जे सांगेल ते लिहीत. हे मला ठाऊक होतं, तरी सही ठोकली.

खरी नोंद सापडली ती सव्वा वर्षाने, आणि तीही माझ्या हुशारीने नव्हे. त्याच कार्यालयाबाहेर पोर्तुगीज पासपोर्टसाठी जुने जन्मदाखले काढणाऱ्यांची रांग असते. तिथला एका एजंटचा पोरगा माझा अर्ज वाचून म्हणाला, “काका, एक्समध्ये बघितलं?” मला वाटलं, चेष्टा करतोय.

तर ऐका. पोर्तुगीज लिहिणारा ‘श’साठी बहुतेक वेळा ‘एक्स’ वापरायचा. म्हणजे शंकर ‘एक्स’मध्ये. केशव ‘के’मध्ये नाही, ‘क्यू’मध्ये. आपला ऱ्हस्व ‘अ’ त्यांना ‘ओ’ ऐकू यायचा, म्हणून प्रभूचा पोरोबो आणि पैंचा पोय. आडनावावर तर जाऊच नका. मी पाहिलेल्या वहीत अनुक्रमणिका पहिल्या नावाने होती आणि आडनाव कधी असायचं, कधी नसायचं. घरी हाक मारायचं नाव वेगळं असेल तर तेही बघा. आणि एकच वर्ष सांगू नका. मागची दोन, पुढची तीन वर्षं बघायला लावा. शक्य असेल तर समोर उभं राहून. हे सांगताना आवाज चढवू नका, मी चढवला होता, त्याचे आणखी दोन महिने गेले. जुन्या वह्यांपैकी काही पणजीला पुराभिलेखात गेल्या आहेत, तेव्हा तालुक्यात वहीच नाही म्हणाले तर कुठे गेली ते लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठी स्वस्त पडतो.

आमची नोंद निघाली १९३८ ची. आणि तिथेच मी अडकलो. एकीकडे माझं शपथेवरचं ‘नोंद नाही, जन्म १९३६’, दुसरीकडे अस्सल नोंद १९३८. चुलत्याच्या वकिलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, हा शंकर कुठला आणि तो शंकर कुठला? मामलेदाराकडे म्युटेशन (जमिनीवर नाव चढवायचा फेरफार) तीन वर्षं लोंबकळलं. वकिलाची फी सोडा, मुंबईहून चुलतभाऊ यायचे आणि तारीख पुढे जायची, त्यात घराचं बोलणं तुटलं ते तुटलंच. ‘नोंद मला आढळली नाही’ आणि ‘नोंद झाली नाही’ या दोन वाक्यांतला फरक मला एवढ्या किमतीला कळला.

मी वकील नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. तुमच्या केसमध्ये कूळ किंवा मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) मामला असेल तर वेगळंच प्रकरण, तिथे माझं ऐकू नका. पण दोन गोष्टी ठामपणे सांगतो. एक, एक-चौदावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं जो सांगेल त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या. दोन, आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे विक्रीच्या वेळी भावांच्या बायकांच्याही सह्या लागतात. हे शेवटच्या दिवशी आठवू नये. पुण्याला राहणारी वहिनी रागावलेली असते तेव्हा तर नकोच.

तुम्ही वाड्याचा इतिहासही लिहिताय म्हणून एक जोडून सांगतो. देवस्थानाचे महाजन असाल तर महाजनांचा कातालोग, म्हणजे नोंदयादी, बघा. १९३३ च्या माझानी (महाजनांच्या मंडळांच्या) नियमावलीमुळे देवस्थानांना तो ठेवावा लागतो, कुणाचा कोण हे त्यात नीट कळतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावानुसार नावं असतात. कचेरीत तो पुरावा चालेल अशी आशा नको, पण पणजोबांचं खरं नाव आम्हाला तिथेच मिळालं. आमचा भाग पोर्तुगीजांकडे १७८८ मध्ये आला, त्यामुळे त्याआधीचं काही हवं असेल तर सावंतवाडीकडे वळा आणि मोडी वाचणारा शोधा. बार्देश-तिसवाडीच्या कोमुनिदादींचे (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे) जसे जुने दप्तर मिळतात तसे आमच्याकडे मिळतील या भ्रमात मी एक पावसाळा घालवला.

आणि दाखल्याचा छापील उतारा घेऊन निघून येऊ नका. मूळ नोंदीची पूर्ण नक्कल मागा. पैसे थोडे जास्त पडतात, पण त्यात आई-बापांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात. आमच्या नोंदीत पणजीचं माहेरचं गाव होतं, जे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खाली एका साक्षीदाराची सही मोडीत होती. ती कुणाची ते अजून लागलेलं नाही. नक्कल मिळाली की तुमच्या वडिलांचं नाव कुठल्या अक्षराखाली निघालं तेवढं इथे कळवा.