साथीच्या धास्तीत आईसाठी काय निवडावे?

कोरोनाच्या काळात मोबाइलवर साठलेल्या मानसिक आरोग्याच्या साहित्यातून आईसाठी नेमके काय निवडावे, असे आपण विचारले आहे. नव्या साथीची बातमी कानावर आली की त्या आजही रात्र जागून काढतात, हेही लिहिले आहे. माझे मत स्पष्ट आहे: एकच साधन निवडावे आणि ते नुसते वाचायला न देता रोज त्यांच्याबरोबर बसून करावे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मी फोनवर लोकांना धीर देण्याचे काम करत असे. तेव्हा सल्ल्यांची कमतरता कोणालाच नव्हती; त्यांतला एखादा सल्ला रोज पाळायला मात्र क्वचितच कोणाला जमे.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली ‘डूइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस’ ही सचित्र पुस्तिका मी सुचवेन. ती विनामूल्य मिळते, सोबत ऐकण्याचे सरावही आहेत. ज्या कार्यक्रमावर ती आधारलेली आहे, तो युगांडात आश्रयाला आलेल्या दक्षिण सुदानच्या निर्वासित स्त्रियांच्या गटांमध्ये तपासला गेला होता आणि त्यांच्या मनावरचा ताण त्यामुळे हलका झाल्याचे आढळले होते. सर्वस्व मागे टाकून आलेल्या बायकांना ज्याचा आधार झाला, त्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

आईंसाठी त्यातल्या पहिल्या दोन भागांपासून सुरुवात करा. जीव घाबरा झाला की आधी मनात काय चालले आहे ते ओळखायचे, श्वास सावकाश सोडायचा, तळपाय हळूहळू जमिनीवर दाबायचे आणि मग समोर काय दिसते, कोणते आवाज येतात, हातात काय आहे, याकडे लक्ष आणायचे. पंख्याची घरघर, चहाच्या कपाची ऊब, एवढेही पुरते. दुसऱ्या भागात विचाराला नाव द्यायचे असते. ‘आता पुन्हा तेच होणार’ असे वाटले, तर ‘पुन्हा तेच होणार, असा विचार मला येतो आहे’ असे मनाशी म्हणून हातातल्या कामाकडे वळायचे. भीती जावी म्हणून हे करायचे नसते. ती असतानाही कुकर लावता यावा, नातवंडांशी बोलता यावे, यासाठी करायचे असते, आणि हा फरक आईंना पहिल्याच दिवशी समजावून सांगा, नाहीतर ‘काही उपयोग नाही’ म्हणून त्या दोन दिवसांत सोडून देतील. सराव दिवसा, मन तुलनेने शांत असताना करावा, म्हणजे रात्री तो हाताशी असतो. बातम्या मात्र दिवसातून एकदा-दोनदाच, ठरलेल्या वेळी पाहाव्यात, झोपण्यापूर्वी नकोत.

त्या लाटेत आपल्या घरातले कोणी गेले असेल आणि अखेरचे दर्शनही झाले नसेल, तर केवळ पुस्तिकेवर विसंबू नका. त्या माणसाविषयी आईंना मोकळेपणाने बोलू द्या, राहून गेलेले काही करावेसे वाटत असेल तर ते करू द्या. झोप, जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याची भाषा आईंच्या तोंडी आली, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच क्षणी फोन लावा आणि त्यांना एकटे सोडू नका.