चेंडूचा ताबा, चेंडूवर ताबा आणि वर्चस्व

तासगावकडच्या एका शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्या सरांनी प्रश्न पाठवला आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकातले बाद फेरीचे सामने ते मुलांना आकडे दाखवून समजावतात. स्पेन-मोरोक्को सामन्याच्या (०-० बरोबरी, मग पेनल्टीवर स्पेन बाहेर) एका मराठी वर्णनात 'स्पेनचं वर्चस्व' असं वाचल्यावर एका मुलाने विचारलं, वर्चस्व होतं तर १२० मिनिटांत एकही गोल कसा नाही? तेव्हा 'पझेशन'ला, म्हणजे चेंडू आपल्याकडे असण्याला, वर्चस्व म्हणावं, ताबा म्हणावं की कब्जा? आणि 'नॉकआऊट'साठी कुस्तीतला 'निकाली' चालेल का?

त्या मुलाचं कौतुक करा, सर. चूक शब्दाची आहे आणि त्याने ती आकड्यांवरून पकडली.

मी सांगलीत दस्तलेखनाचं काम करतो. ताबा हा शब्द दिवसातून वीस-पंचवीस वेळा हाताखालून जातो, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायला मला आवडतं. शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात 'ताबे' म्हणजे मागून चालणारा, अधीन असलेला. 'ताबेदार'मध्ये तो अर्थ अजून दिसतो. वर्चस्वाचं कूळ अगदी वेगळं. संस्कृत 'वर्चस्' म्हणजे तेज.

दोन्ही शब्दांना एक परीक्षा लावून बघा. ताबा देता येतो. खरेदीखतात आम्ही लिहितो, 'मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा लिहून घेणार यांना दिला आहे'. ताबा घेता येतो, सोडता येतो, ठेवून घेता येतो. बिगरताबा साठेखतही होतं, म्हणजे पैसे दिले, कागद झाला, पण ताबा नाही. आता 'वर्चस्व दिलं' असं म्हणून बघा. जीभच अडते. वर्चस्व गाजवतात, राखतात, मोडून काढतात; आपण होऊन ते समोरच्याच्या हातात कोणी देत नाही.

मोरोक्कोने त्या दिवशी नेमका ताबा दिला होता. चेंडूची दोन संघांतच वाटणी केली तर स्पेनकडे तो तीन चतुर्थांशाच्या आसपास होता. पास हजाराच्या घरात. पण त्यातले बरेचसे मोरोक्कोच्या बचावफळीसमोर, आडवे, या पायाकडून त्या पायाकडे. चेंडू तुमच्याकडे राहू दे, गोलपुढची जागा आमच्याकडे, असा तो व्यवहार होता. आमच्या भाषेत ताबा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची. २०१८ मध्ये यजमान रशियानेही स्पेनशी हाच व्यवहार केला होता. तेव्हाही हजाराच्या वर पास, १-१ अशी बरोबरी आणि पेनल्टीवर स्पेन बाहेर.

याच्या उलट उदाहरणही त्याच मोरोक्कोचं. उपांत्य फेरीत फ्रान्सने पाचव्याच मिनिटाला गोल केला. आता फ्रान्सला चेंडूची घाई नव्हती, मोरोक्कोला होती. चेंडू जास्त वेळ मोरोक्कोकडे राहिला आणि सामना फ्रान्सने २-० जिंकला. एक हरला तर घरी, अशा सामन्यात पहिला गोल कोणी केला यावर ताबा कोणाकडे जाईल हे पुष्कळदा ठरतं. म्हणून टक्केवारी वाचताना गोल कितव्या मिनिटाला झाला तेही शेजारी लिहून ठेवा. वर्चस्व बघायचं असेल तर २०१४ च्या उपांत्य सामन्यात बघावं: जर्मनी ७, ब्राझील १, पहिल्या अर्ध्या तासातच पाच गोल. चेंडूची वाटणी मात्र जवळजवळ निम्मी-निम्मी. तिथे मोठ्या अक्षरांत वर्चस्व लिहा, माझी काही हरकत नाही.

आता सरांनी विचारलं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत ताब्याचे दोन अर्थ आहेत आणि ते प्रत्ययातून कळतात. घराचा ताबा, जमिनीचा ताबा म्हणजे वस्तू कोणाकडे आहे ते. जिभेवर ताबा, मनावर ताबा, 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटला', इथे प्रश्न मालकीचा नाही, आवरण्याचा आहे. फुटबॉलमध्ये दोन्ही लागतात. 'चेंडूचा ताबा' म्हणजे पझेशन, तो टक्क्यांत मोजतात. 'चेंडूवर ताबा' म्हणजे उंचावरून आलेला चेंडू पायाशी मरतो की दोन हात उडतो, ते कौशल्य. 'चेंडूवर ७० टक्के ताबा' असं बातम्यांत दिसतं तेव्हा दोन्हींची खिचडी झालेली असते. एका 'चा'ने आणि एका 'वर'ने एवढं काम होतं, ते आपण का वाया घालवावं?

कब्जा हाही अरबी शब्द, मूळ अर्थ मूठ, पकड. पण आपल्या भागात तो कुस्तीच्या मैदानातला शब्द आहे. कुंडलच्या मैदानात 'पट काढून कब्जा घेतला' असं निवेदकाने म्हटलं, की समोरचा पैलवान खाली गेलेला असतो आणि आता घिस्सा हा डाव बसतोय का याकडे सगळे डोळे लागलेले असतात. कब्जा माणसावर असतो, धोका जवळ आलेला असतो. आडव्या पासांना तो शब्द फार भारी पडतो. मी तो वापरणार नाही.

मात्र कुस्तीतला एक शब्द मुलांना जरूर द्या. कतारमध्ये फिफाने ताब्याचा हिशेब दोन ऐवजी तीन भागांत दाखवला: हा संघ, तो संघ आणि चेंडू धड कोणाकडेच नाही असा वेळ. या तिसऱ्या भागाला मराठीत काय म्हणावं? मला 'खडाखडी' सुचतं. दोघे उभे आहेत, हात मानेवर आहेत, एकमेकांचा जोर अजमावणं चाललंय, कब्जा कोणाचाच नाही. फळ्यावर स्पेन, मोरोक्को, खडाखडी असे तीन रकाने पाडले तर तासगावच्या मुलाला वेगळं काही समजवावं लागणार नाही.

'निकाली'चं मात्र जमत नाही. निकाली कुस्ती चीतपटीवरच सुटते, तिला गुणांचा आधार नसतो. पेनल्टीवर सुटलेला सामना नोंदीत बरोबरीचाच धरतात. स्पेन-मोरोक्को ०-० आणि पेनल्टी ०-३, असंच ते लिहिलं जातं. स्पेनच्या सराबियाचा फटका खांबाला लागला, सोलेर आणि बुस्केट्सचे मोरोक्कोचा गोलरक्षक यासिन बूनूने अडवले, आणि तरीही सामन्याच्या रकान्यात पराभव नाही. स्पेन स्पर्धेतून बाद झाला, एवढंच. म्हणून आपला रुळलेला 'बाद फेरी' हाच शब्द ठेवा.